गोट्यांचं कपाट

संध्याकाळी देवापुढं निरांजन लावून झालं, की आत्याबाई नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचायच्या आणि कपाटापुढं जाऊन उभ्या राहायच्या. दोन्ही हात कपाटाच्या दोन्ही कुशींना, बोटं बटणांवर, ओठ मिटलेले, डोळे काचेखालच्या पोलादी गोळीवर. गोळी वरून घरंगळत यायची, इथं तिथं आपटायची, दिवे लागायचे, घंटा वाजायच्या. आता गेली खाली, असं आम्हाला वाटायचं, तेवढ्यात आत्याबाई असं काही बोट दाबायच्या की गोळी पुन्हा वर. तव्यावरची पोळी उलटावी इतकं सहज. साठी ओलांडलेली बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पण कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या त्या माडीवर राहून गेलेल्या एकाही पोराला त्यांना हरवता आलं नाही. मलाही नाही, आणि मी सहज हार मानणारा माणूस नाही.

शिकलेले लोक त्या यंत्राला पिनबॉल म्हणतात. आत्याबाई कपाटच म्हणायच्या, म्हणून मीही कपाटच म्हणणार. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शब्दाच्या चुका कुणी काढू नयेत. लाकडातली चूक काढून दाखवा, मग बोलू.

आत्याबाईंचे यजमान चटकलीच्या, म्हणजे तागाच्या गिरणीच्या, कचेरीत होते. ते गेल्यावर त्या गावी परतल्या नाहीत. घराची माडी त्यांनी बदलीवर आलेल्या मराठी पोरांना दिली. बँकेतली, रेल्वेतली, टेलिफोनातली पोरं. पहिला राहायला आला तो त्यांचा सख्खा भाचा, तो आत्या म्हणायचा, म्हणून पुढं सगळ्या कलकत्त्यातल्या मराठी माणसांच्या त्या आत्याबाई झाल्या. मी सावंतवाडीकडचा सुतार. जेवायला त्यांच्याकडे, झोपायला खालच्या पडवीत, माझ्या हत्यारांशेजारी. मला त्या मिस्त्री म्हणायच्या, तेही अहो-जाहो करून.

त्यांचं बंगाली ऐकण्यासारखं होतं. चाळीस वर्षं त्या मुलखात काढूनही क्रियापदं साताऱ्याचीच. मासेवाला दारात आला की म्हणायच्या, "ए दादा, एखाने थांबू नको, आमार बाडीत मासा चालत नाही!" तोही वस्ताद. रोज थांबायचा, रोज विचारायचा, "की माशीमा, आज ओ ना?" म्हणजे, मावशी, आजही नाही का? मग आत्याबाई त्याला ताक द्यायच्या. मासे न घेता मासेवाल्याशी इतका घरोबा असलेली दुसरी बाई मी पाहिली नाही.

मग सत्तर सालच्या आगेमागे ते वाईट दिवस आले. ज्यांनी त्या काळात कलकत्ता पाहिलं त्यांना सांगायला नको. संध्याकाळी गल्लीत बाँब फुटायचे, दुकानांची फळकुटं धडाधड लागायची. पोरं तरणी. कचेरीतून आली, चहा प्याली, की चार भिंतींत त्यांचा जीव रमेना. कुणी मैदानावर, कुणी सिनेमाला, कुणी नुसतंच कोपऱ्यावर. आत्याबाई खिडकीत उभ्या राहून पायरव मोजायच्या. एका संध्याकाळी बँकेतला पाटणकर दंडात काचा घुसलेल्या अवस्थेत परत आला. जीवावरचं दंडावर निभावलं, पण बातमी गावोगाव गेली. पोरांच्या वडिलांनी लिहिलं, ती जागा सोडा, सरकारी क्वार्टर मिळतंय का बघा. महिन्याभरात माडी ओस पडली. देवधर नावाचा टेलिफोनातला एक तेवढा राहिला, तोही बदली मागत होता.

श्रावणात साताऱ्याहून आत्याबाईंचे धाकटे भाऊ बापूसाहेब आले. कडक इस्त्रीचा माणूस. म्हणाले, "अक्का, पुरे झालं. परमुलखात भात शिजवत बसलीस, लोक मला नावं ठेवतात. चल घरी. देवघराशेजारची खोली तुला रिकामी करून ठेवलीय."

आत्याबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांब, बापू. दसऱ्याला माडी भरलेली दिसली तर मी इथंच. नाही दिसली, तर एक शब्द न बोलता तुझ्याबरोबर गाडीत बसते."

भाऊ गेल्यावर मला म्हणाल्या, "मिस्त्री, भाऊ वाईट नाही हो. पण त्या खोलीत गेले की मी उरले भावाची बहीण. इथं मी माझी आहे." हे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं, पण पुढचे दोन महिने त्या घरात जे जे झालं ते या वाक्यासाठी झालं.

रसेल स्ट्रीटला रविवारी जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा. गोरे साहेब देश सोडून गेले, त्यांचे क्लब बंद पडले, त्यांची मेजं-खुर्च्या तिथं यायची. आत्याबाईंना जेवणघरासाठी एक बाक हवा होता म्हणून मी बरोबर गेलो. बाक राहिला बाजूला. कोपऱ्यात हे धूड उभं होतं. एक पाय गायब, बूड वाळवीनं खाल्लेलं, वायरी आतड्यासारख्या लोंबत. उभ्या काचेवर समुद्रकाठची एक मडम, अंगावर नावापुरतं कापड.

मी म्हणालो, "आत्याबाई, हे भंगार आहे."

"अहो, पोरं खेळायला बाहेर जातात ना? मग खेळच घरात आणला तर?"

"हे चालत नाही."

"तुम्ही आहात की."

आता असं म्हटल्यावर माणूस काय करणार? ठेल्यावर घालून आम्ही ते भवानीपूरला आणलं. गल्लीतली लोकं विचारायची, हे काय? आत्याबाई पुढं चालत होत्या, म्हणायच्या, "नतून जावई!" नवा जावई.

बूड मी पूर्ण काढून टाकलं. त्या जागी जुना बर्मा साग घातला, कोपऱ्यांना एकही खिळा न मारता सांधे केले. चौथा पाय शिसवीचा घडवला. बाकीचे तीन विलायती लोखंडाचे होते, पण येणारा जाणारा बघायचा तो माझाच पाय. देवधर आतल्या वायरी बघायचा. टेलिफोनच्या एक्स्चेंजात असतात तसेच शेकडो चिमटे त्या कपाटाच्या पोटात होते, एक चिकटला की दुसरा सुटणार. तो ते एकेक करून घासायचा. आमचं दोघांचं मात्र पहिल्याच आठवड्यात बिनसलं आणि बोलणं बंद झालं. मग सगळा कारभार आत्याबाईंच्या मार्फत.

"आत्याबाई, त्यांना सांगा, ही फळी पक्की करू नका, मला ती रोज उघडावी लागते."

"आत्याबाई, त्यांना सांगा, फळी कुठं पक्की करायची हे मी टेलिफोनवाल्याकडून शिकणार नाही."

आत्याबाई दोघांच्या मध्ये विळीवर बसून भोपळा चिरत म्हणायच्या, "दोघांनाही सांगते, चहा गार होतोय."

मडमेचा रंग उडाला होता. मला ब्रश धरता येतो. मी सुचवलं की देवघर समोरच आहे, तर हिला खांद्यापासून घोट्यापर्यंत एखादं लुगडं रंगवून टाकतो. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "नको. जशी आली तशी राहू दे. लोकांच्या लेकीबाळींना कपडे नेसवणारे आपण कोण?" मग मी तिचा फक्त उडालेला रंग भरला. देवांनी तक्रार केली नाही.

नवरात्रातल्या अष्टमीला कपाट चाललं. देवधरनं बटण दाबलं, आकड्यांची चाकं खडखडत शून्यावर आली, मडमेमागं दिवे लागले. आत्याबाईंनी पहिली गोळी सोडली ती सरळ खाली गेली. "ही देवाला," असं म्हणून त्यांनी दुसरी घेतली. त्यांनी बँकेत, डमडमच्या क्वार्टरांत, बराकपूरला निरोप धाडले होते. माडी सोडून गेलेले आणि नवे बदलून आलेले, सगळे दसऱ्याला जेवायला या. बापूसाहेबही दसऱ्यालाच यायचे होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपली हत्यारं पुजण्याचा दिवस. बंगाली कारागीर विश्वकर्म्याला भादव्यात पुजून मोकळे झालेले, आमची नवमी आता. मी माझे रंधे, पटाशा मांडल्या, देवधरनं त्याची कानस आणि पक्कड ठेवली. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "कपाटाची पूजा वरवर नको. त्याचा जीव आत आहे, उघडा ते." देवधरनं काचेखालची फळी वर उचलून धरली. आत्याबाईंनी त्या चिमट्यांवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि आम्ही नको म्हणायच्या आत लोखंडी कडेवर नारळ फोडला. पाणी सगळं आत.

कपाट वेड्यासारखं वाजायला लागलं. गोळी जागेवर, आणि घंटा थांबेनात. आकडे आपोआप फिरायला लागले. मग एक निळी ठिणगी उडाली आणि सगळं बंद.

बाहेर ढाक, ते बंगाली ढोल, वाजत होते. दुर्गापूजेच्या नवमीला सगळ्या कलकत्त्यात एक दुकान उघडं नाही. देवधर डोक्याला हात लावून खाली बसला. "आत्याबाई, नारळाचं पाणी गोड असतं. सुकलं की सगळे चिमटे चिकटणार. एक्स्चेंजात असं झालं तर आम्ही अख्खी रांग बदलतो."

आत्याबाईंच्या हातात नारळाची दोन भकलं तशीच. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नाही, तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. म्हणाल्या, "माझ्या हातानंच केलं हो मी."

ते काही मला बघवेना. पडवीत माझी पॉलिशच्या स्पिरिटची बरणी होती. लाखेचं पॉलिश स्पिरिटात करतात, आणि स्पिरिट काय पुसून काढत नाही ते सांगा. मी बरणी वर आणली आणि कितीतरी आठवड्यांनी देवधरशी थेट बोललो, "यानं पुसलं तर?"

त्यानं बरणीचं झाकण काढून वास घेतला. म्हणाला, "पुसलं तर जाईल. पण इतक्या बारीक फटीत बोट कुठं जातं?"

आत्याबाई एकदम उठल्या. "वाती आहेत." देवळासाठी वळून ठेवलेल्या कापसाच्या वातींचा डबा त्यांनी आणला, झाडूच्या हिरांना वात गुंडाळून दाखवली. "चूल विझवा आधी. निरांजन पण. आज देव अंधारात बसेल." नवमीचा पूर्ण दिवस त्या घरात चूल पेटली नाही. आम्ही तिघं मांडीला मांडी लावून बसलो. देवधर सांगेल त्या चिमट्यातून वात फिरवायची, पिवळी झाली की टाकायची, नवी घ्यायची. आम्ही दडपे पोहे खाल्ले. दुपारी आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, साताऱ्याला पण कापूस मिळतो म्हणा."

"वात बदला," मी म्हणालो. "ती पिवळी झाली."

संध्याकाळी पंखा लावून सुकवलं आणि बटण दाबलं. चाकं शून्यावर आली. एक घंटा तेवढी कायमची खुळी झाली, गोळी तिच्या जवळून गेली तरी वाजायची. पोरांना पुढं तीच आवडायची.

दसऱ्याला माणसं आली ती इतकी, की दोन पंगती झाल्या. आपट्याच्या ऐवजी कांचनाची पानं वाटली. बापूसाहेब धोतराचा सोगा सावरत माडीवर आले आणि कपाटापुढं थबकले. "अक्का, घरात जुगार?"

"जुगाराला पैसा लागतो. इथं नुसती अब्रू लागते. खेळ."

नाही नाही म्हणत ते खेळले. गोळी खाली जायला लागली तसा त्यांनी कपाटाला जोराचा हिसका दिला. सगळे दिवे गेले. ते घाबरले, "मोडलं का गं?"

"मोडलं नाही. धसमुसळेपणा केला की ते रुसून बसतं. लहानपणी भोवऱ्याला पण तू असंच करायचास." सगळी माडी हसली. बापूसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "पुन्हा लाव." दुसरी पंगत उठली तरी ते जेवायला येईनात. पाटणकर दंडावरचा व्रण मिरवत नव्या पोरांना सांगत होता की संध्याकाळी बाहेर जायची गरजच नाही. निघता निघता पोरं आत्याबाईंना एकेकटी गाठून विचारत होती, खिडकीपाशी खाट आहे का, पहिल्या तारखेला सामान आणू का. बापूसाहेब हे सगळं ऐकत होते.

हावड्याला त्यांना पोचवायला आम्ही गेलो. त्यांनी दोन जागा काढून आणल्या होत्या. आत्याबाईंनी आपल्या जागेवर चिवड्याचा डबा ठेवला, बोट लावून तो नीट मागं सरकवला, म्हणजे पडायला नको. बापूसाहेब खिडकीतून म्हणाले, "अक्का, ती शेवटची गोळी माझी चुकली नसती. पुढच्या वर्षी बघ." गाडी हलली. आत्याबाई लगेच वळल्या. "चला मिस्त्री, संध्याकाळची कणीक भिजवायची आहे."

पुढं त्या बरीच वर्षं जगल्या, तिथंच, माडी भरलेली ठेवून. दिवे जायचे, तासन् तास जायचे, तेव्हा अंधारात भेंड्या चालायच्या, पण बाहेर कुणी जायचं नाही. एका दुपारी सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर त्या जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत. देवधर तेव्हा दूर मद्रासला होता, तरी आला.

माझं इथंच कलकत्त्यात, बेहाल्यात, आता छोटं दुकान आहे. हात थरथरतो, पण पॉलिशला बसलो की थांबतो. मुलगा पुण्यात मोठ्या घरात राहतो. दर रविवारी त्याचा फोन येतो, "बाबा, या आता इकडे. तिथं तुमचं आहे तरी कोण?"

मी त्याला इथल्या माझ्या माणसांची नावं सांगायला लागतो. त्याला ऑफिसचं काम निघतं तोवर माझी निम्मीसुद्धा झालेली नसतात.