प्रांजलची टाळू

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जन्मलेलं एकही पोर वनमालाकाकूंच्या हातून सुटलेलं नाही. काकू मूळच्या मालवणकडच्या. बाळाला लांब केलेल्या पायांवर घ्यायचं, रगडून अंग चोळायचं, न्हाऊ घालायचं आणि शेवटी कोमट तेल थापून टाळू भरायची. मऊ टाळू घट्ट झाली की काकू गड जिंकल्यासारख्या मिरवत. डॉक्टर काहीही सांगोत, टाळूबाबत शेवटचा शब्द त्यांचा. माझ्या पोराच्या वेळी मी वाद घातला होता, हरले.

आणि त्यांच्याच नातीच्या, प्रांजलच्या, डोक्यात पाणी साठलं. दुसऱ्या महिन्यात ऑपरेशन करून कातडीखालून एक नळी घातली, डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारी. फुगलेली टाळू खाली बसली, जराशी आतच गेली. डॉक्टर खूश, काकू मात्र धास्तावल्या. आत गेलेली टाळू म्हणजे पोर सुकलं, हेच त्या आयुष्यभर मानत आलेल्या. नळीला धक्का न लावता त्या रोज तेल भरत राहिल्या.

मग एका सकाळी टाळू बोटांना टणक लागली. काकू माझ्या दारात येऊन ओरडल्या, "बघ गो, भरली माज्या नातीची टाळू!" साखर वाटली बाईने! इकडे प्रांजल दूध ओकत होती, डोळे उघडत नव्हती. "दात येतत गो," काकूंचं आपलं चालूच. सून अक्षताला राहवेना. तिने मुलीला उचललं आणि रिक्षा थांबवली. काकू आणि मीही चढलो.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी टाळूवर एक यंत्र टेकवलं. मेंदूत जाणाऱ्या रक्ताचा आवाज त्यात ऐकू येतो. सूं... आणि मग काहीच नाही. पुन्हा सूं.

"नळी तुंबलीय, म्हणून टाळू टणक झालीय," ते म्हणाले. "पाण्याचा दाब एवढा वाढलाय, की दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त पुढे सरकतच नाहीये."

काकू बोटांना राहिलेलं तेल पदराला पुसू लागल्या. त्या मधल्या शांततेची मला भीती वाटली.

लगेच नळी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्र लावलं. आवाज चढला, ओसरला, पण तुटला नाही. अक्षता रडायलाच लागली. मग तिने सासूचा हात धरून प्रांजलच्या डोक्याकडे नेला. "आई, बघा ना, कशी मऊ लागतेय."

काकूंनी हात मागे ओढला.

"माका कळूकच नाय गो," त्या म्हणाल्या. "आता तूच बघ. आणि माका सांग."