भरलेली परत येणारी बाटली

एकोणीस वर्षं मी शाळेच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पाणी प्यायले नाही. उपास नव्हता, नवस नव्हता. नोकरी होती. लातूरहून नांदेड रोडची जीप पकडायची, चाकूरच्या पुढं फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायी शाळा गाठायची. आम्ही पाच जणी मास्तरणी रोज असं अप-डाऊन करायचो. शाळेत बायका-मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं असं नाही. होतं. पण त्यात मोडके बाक कोंबलेले, दार एका बिजागरीवर लोंबकळतंय आणि आत पाण्याचा थेंब नाही.

मग आमचं तंत्र ठरून गेलं. सकाळी अर्धा तांब्या पाणी, जेवताना एक घोट, बोलून बोलून घसा सुकला तर नुसती चूळ. बाटली मात्र रोज न्यायची. ती संध्याकाळी भरलेलीच घरी यायची आणि मी ती तुळशीला ओतायची. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारं आमचं गाव, त्यामुळं घरात या काटकसरीचं कौतुकच व्हायचं. मलाही माझा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

शिस्तीच्या बाबतीत तर मी लई कडक. तास चालू असताना सारखं उठून बाहेर जाणारी पोरं मला खपत नाहीत. म्हणून दर सव्वीस जानेवारीला मी स्वतःच्या पैशानं एक कंपासपेटी बक्षीस ठेवली होती. वर्षभरात तासाला एकदाही न उठणाऱ्याला ती मिळायची. गंमत म्हणजे ती दरवेळी मुलीलाच जायची. मुली मुळातच शहाण्या, असं मी भाषणात सांगायची.

पैशाच्या बाबतीतही मी अशीच. आमच्या पाच जणींची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीनं पाच हजार काढायचे आणि जीपमध्येच चिठ्ठी उचलायची. माझं नाव निघालं की जुन्या पाटल्या मोडायच्या, त्यात भर घालायची आणि ठसठशीत नव्या करायच्या, हे माझं ठरलेलं होतं. म्हातारपणी पोरं बघोत न बघोत, सोनं बघतं, असं माझी आई म्हणायची. आमच्या यांचं गंजातल्या बाजारपेठेत किराणा दुकान. त्यांनी सोनाराला आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि एका दुपारी सातवीच्या वर्गात सरळव्याज शिकवता शिकवता माझ्या डाव्या कुशीत अशी कळ आली, की मी फळा धरूनच खाली बसले. पोरं घाबरली. घामानं पदर ओला झाला. मला जीपमध्ये घालून लातूरला आणलं आणि सोनोग्राफीत दिसलं, मूतखडा आहे आणि किडनीला सूज आहे.

डॉक्टरीणबाई माझ्याहून वयानं लहान. दिवसाला किती पाणी पिता, विचारलं. मी अगदी फुशारकीनं सांगितलं, शाळा सुटेपर्यंत दोन घोट. शाळा कुठल्या बाजूला, हेही तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्या रोडच्या जीपमधल्या तुम्ही तिसऱ्या बाई. हे असंच चालू ठेवलंत, तर तुमची किडनी तुमच्या आधी रिटायर होईल."

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते खोटं नाही. हेच माझ्या बहिणीनं सांगितलं असतं, तर मी तिला चार शब्द सुनावले असते.

आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं होतं. पहिल्या दिवशी हौसेनं बाटली संपवली आणि तिसऱ्या तासाला मी वर्गात एका पायावरून दुसऱ्या पायावर अशी नाचत होते, की पोरांना वाटलं मॅडम आज खुशीत आहेत. शेवटी शाळेशेजारच्या घरी गेले. तिथल्या मावशींनी नाही म्हटलं नाही, पण रोज कुणाच्या दारात उभं राहायचं? दुसऱ्या आठवड्यात बाटली परत भरलेली घरी यायला लागली आणि कुशीत पुन्हा टोचायला लागलं. त्या दिवशी मी खरोखर घाबरले. सेवेची चौदा वर्षं बाकी होती.

मुख्याध्यापक सरांना भेटले. भला माणूस, पण कागदाचा. दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवलाय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, सर, प्रस्तावावर बसता येत नाही. बिचारे गोरेमोरे झाले. पण त्यांनी एक चांगलं केलं. आमचं आम्ही दुरुस्त करायला लगेच परवानगी दिली.

त्याच महिन्यात भिशीची चिठ्ठी माझी निघाली. चौघी पाटल्यांचा विषय काढून चिडवायला लागल्या. मी सांगितलं, पाटल्या राहू द्या, या पैशात दार, टाकी आणि नळ बसवायचा. मग सगळ्यात ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, कशाला लष्कराच्या भाकरी भाजतेस, ते सरकारचं काम आहे. त्यांचंही चूक नव्हतं.

"काम सरकारचंच आहे," मी म्हणाले, "पण किडनी माझी आहे."

घरी यांना सांगायची मात्र धास्ती होती. हा माणूस हिंगाची डबीसुद्धा परतावा बघून घेतो. त्यांनी सगळं ऐकून खर्चाचा आकडा वहीत मांडला. मग म्हणाले, "मुद्दल शाबूत राहिलं पाहिजे. व्याजाचं नंतर बघू." दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दुकानातून टाकी घाऊक भावात आणून दिली. संसारात इतकं गोड ते कधी बोलले नव्हते, आणि त्यांना ते कळलंही नाही.

काम आठ दिवसांत झालं. गवंड्यानं कडी फक्त बाहेरून लावली होती, मी त्याच्या डोक्यावर उभं राहून आतूनही एक लावून घेतली. वर चांगलं पितळी कुलूप घातलं. पाच किल्ल्या, पाच जणी. घाण व्हायला नको म्हणून. मी खुशाल पाणी प्यायला लागले. पुढच्या सोनोग्राफीत सूज उतरली होती. तुळशीला आता वेगळं पाणी घालावं लागत होतं.

मग एके दिवशी सातवीचाच तास चालू होता. मी गणित अर्धं सोडून पर्समधली किल्ली घेतली आणि बाहेर जाऊन आले. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन किलोमीटरवरच्या वस्तीतून चालत यायची. त्या वर्षीची कंपासपेटी तिचीच. मी आत आले तशी ती म्हणाली, "मॅडम, आता तुम्हाला बक्षीस न्हाई."

वर्ग हसला, मीही हसले. हसता हसता सहज विचारलं, तू पाणी कधी पितेस गं? सकाळी घरी, अर्धा तांब्या, ती म्हणाली. मग संध्याकाळी घरी गेल्यावर. मी मागच्या बाकांवरच्या मुलींकडं बघितलं. सगळ्यांच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं माझी किडनी सुजली, त्याला मी इतकी वर्षं टाळ्या वाजवून बक्षीस देत होते.

कुलूप त्याच दुपारी काढलं. ज्येष्ठ मॅडम कुरकुरल्या, मग त्यांनीच सफाईला बाई शोधून आणली. तिचा पगार आम्ही भिशीतून काढतो. कुलूप यांनी दुकानाला लावलं, वाया कशाला घालवायचं म्हणून.

पण सवय काही एका दिवसात सुटत नाही. मुली बाटल्या उघडायच्या, घोटभर प्यायच्या आणि माझ्याकडं चोरून बघायच्या. चार दिवस कुणी उठलं नाही. पाचव्या दिवशी ऐन व्याजाच्या गणितात पहिल्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, जाऊ का?"

जा म्हणाले. ती गेल्यावर मी कपाटातून पुढच्या वर्षासाठी आणून ठेवलेली कंपासपेटी काढली आणि तिच्या बाकावर ठेवली. ती परत आली, पेटीकडं बघत उभी राहिली.

"माझ्याकडं एक हाय की, मॅडम."

"ही ठेव," मी म्हणाले. "ती मी चुकून दिली होती."