माहेरच्या मेंढ्या

पाटोद्यात बस स्टँडपासून जवळच अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराण्याचं दुकान होतं. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. अशा घरातली मी पुण्याला अनुवंशशास्त्रात पीएच.डी. करत होते. गिऱ्हाइकानं विचारलं तर अप्पा सांगायचे, पोरगी जनावरांच्या कुळाचा अभ्यास करती. एवढ्यावर ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि अप्पांचंही.

नव्वदीची सुरुवात होती. आमच्या विभागात डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून देणारं यंत्र नुकतंच आलं होतं आणि पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला विषय दिला तो आमच्याकडच्या काळ्या मेंढ्यांचा. या मेंढ्या कुठून कुठे पसरल्या, कोणता कळप कोणत्या कळपाचा नातलग, हे त्यांच्या रक्तातून शोधायचं. तू तिकडचीच आहेस, बाई म्हणाल्या, तुला लोक नाही म्हणणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी काचेच्या नळ्या घेऊन गावी आले. पहिली अडचण म्हणजे रक्त थंड ठेवायचं कुठे. गावात फ्रिज मोजकेच, आणि त्यातला एक आमच्याच दुकानात होता. शीतपेयाच्या कंपनीनं तो त्याच उन्हाळ्यात दिलेला, लालभडक, काचेच्या दाराचा. आत फक्त कंपनीच्या बाटल्या ठेवायच्या अशी अट होती. अप्पांनी खालचा कप्पा मोकळा केला आणि दाराच्या काचेवर आतून वर्तमानपत्र लावलं.

आईला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून उठून आली. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, भिंतीच्या घराकडच्या अंगाला देवघर, दुकानाकडच्या अंगाला फ्रिज.

"देवाच्या पाठीला रगात ठेवायचं म्हणता?" ती अप्पांना म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

अप्पा म्हणाले, "कुणाला मारून आणलेलं न्हाई. मेंढी तिकडं चरती हाय."

आई परत गेली. त्या दिवसापासून तिनं दुकानात येणं बंद केलं. अप्पांचा चहा दाराच्या चौकटीत ठेवायची आणि कडी वाजवायची.

मी एकटीनं रानोमाळ हिंडणं अप्पांना पटत नव्हतं, म्हणून दुकानाला कुलूप लावून ते माझ्यासोबत निघायचे. आधी युसूफ वडगावला मावशीकडे राहून त्या भागातल्या कळपांचे नमुने घेतले. तिथं सगळं सुरळीत झालं. अडलं ते पाटोद्याजवळ. बाजरी निघालेल्या एका रानात मेंढपाळांचा तळ पडला होता. तळावरचा म्हातारा नुसता मान हलवत बसला. रक्त काढलं की मेंढी खंगती, म्हणाला. मी त्याला समजावू लागले, चमचाभरही नाही, दुसऱ्या दिवशी भरून निघतं वगैरे. त्याची बायको चुलीपाशी बसून माझ्या हातातल्या सुईकडे बघत होती.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सदऱ्याची बाही वर सरकवली. "आधी माझं काढ," ते मला म्हणाले.

मी माणसाचं रक्त कधी काढलं नव्हतं. शिकले होते ते मेंढीच्या मानेवर, लोकर बाजूला सारून. अप्पांच्या हातावर लोकर नव्हती, तागडी उचलून उचलून वर आलेल्या शिरा होत्या. ते माझ्याकडे न बघता लांब टेकडीकडे बघत राहिले, लहानपणी माझ्या पायातला काटा काढताना मला बघायला सांगायचे तसे. नळी भरली. मी ती बाभळीच्या बुंध्याशी रिकामी केली. म्हाताऱ्याची बायको उठली, पदर खोचला आणि एक मेंढी धरून माझ्यापुढे आणली.

"घे माय," ती म्हणाली. "बापाला टोचलंस तशीच हळू टोच."

काम चालू असताना ती बोलत होती. तिचं माहेर युसूफ वडगावच्या बाजूचं. लग्नात तिच्या वडलांनी पाच-सहा मेंढ्या सोबत दिल्या होत्या. वडील गेले, भाऊ रोजगाराला बाहेर पडला, तिकडचा कळप विकला गेला. इकडे बाजारातून नवे नर येत गेले, सगळं मिसळून गेलं. आता माहेरचं काही उरलं नाही, असं ती सहज म्हणाली, भाकरी करपली म्हणावं तशी.

त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही बाहेर असताना गावातली लाइट गेली. परतीच्या जीपमध्ये ते कळलं आणि मी रडकुंडीला आले. दुकानाचं दार उघडून फ्रिजपाशी धावले, तर नळ्यांच्या भोवती बर्फाचे खडे होते, वर ओलं पोतं नीट खोचून बसवलेलं. कुलपाची दुसरी किल्ली घरात असायची. मी आत गेले. आई निवडायला गहू घेऊन बसली होती आणि अवेळी न्हायलेल्या तिच्या केसांचं पाणी पाठीवर ठिबकत होतं. ती म्हणाली, "जेवून घे, लई उशीर झाला."

पुण्यात ते नमुने चांगले निघाले. मी डीएनएचा जो भाग तपासत होते तो फक्त आईकडून लेकराला जातो. बापाचा त्यात काही वाटा नसतो, त्यामुळे नर कितीही बदलले तरी हा धागा पातळ होत नाही. त्या म्हातारीच्या कळपात बहुतेक मेंढ्या एका धाग्याच्या निघाल्या. थोड्या वेगळ्या होत्या, आणि त्यांचा धागा जुळला युसूफ वडगावच्या कळपांशी.

पुढच्या दिवाळीला मी गावी आले तेव्हा तो तळ पुन्हा त्याच रानात पडला होता. अप्पांना म्हटलं, जाऊन येऊ. आई म्हणाली, मीबी येते.

म्हातारा मेंढ्यांमागे गेला होता. त्याच्या बायकोला मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे 'शक्यता' म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलंही. तिनं तेवढं सोडून बाकीचं ऐकलं.

"म्हंजी माझ्या बापानं दिलेल्या हायेत अजून?"

"त्यांच्या लेकी. लेकींच्या लेकी."

कोणत्या, तिनं विचारलं. माझ्या वहीत खूण टिपलेली, कान चिरलेली एक समोरच होती, कोकरू पाजत. मी दाखवली. म्हातारी तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उठली नाही. आई उभी होती. मग तीही जाऊन तिच्या शेजारी बसली, मेंढीला हात न लावता.

परतताना अप्पा जीप थांबवायला पुढे गेले. आई चालता चालता म्हणाली, "माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. तिचं तोंडबी मला ठावं न्हाई." थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "तिचं हाय का माझ्यात तसं काही?"

"हाय," मी म्हटलं. "आणि माझ्यातही."

तिनं माझी ओढणी खांद्यावर नीट केली.

पुढे मी परदेशात गेले, परतले, जनावरांचे अख्खे जीनोम वाचणाऱ्या यंत्रांवर कितीतरी वर्षं काम केलं. आता तो धागा म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांसाठी एका दुपारचं काम आहे. पण त्या वर्षी, मी पुण्याला परतल्यावर, अप्पांनी दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवरून वसतिगृहात फोन केला. नारायणगडच्या यात्रेत आईला ती मेंढपाळ बाई भेटली होती. दोघी चिंचेखाली बसल्या त्या बस सुटेपर्यंत. आईनं तिला बांगड्या भरल्या.

काय बोलत होत्या, मी विचारलं.

"काय की," अप्पा म्हणाले. "मला जवळ बसू दिलं न्हाई."