सहीच्या बदल्यात

"घाल. थंडी असते तिकडं," आबा म्हणाले.

मे महिना होता. रावेरचं ऊन. आबांच्या बंगल्याच्या ओट्यावर पंखा फिरत होता आणि मी ओट्याखाली, अंगणात उभी होते. त्यांच्या सुनेनं आतून एक कोट आणला. काळा, लोकरीचा, गुडघ्याच्या खाली येणारा. तिनं तो माझ्या हातात दिला नाही. ओट्याच्या कडेवर टाकला. मी उचलला.

"घाल ना वं पोरी. लाजते काय?"

मी घातला. बाह्यांत हात बुडाले. आत डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली कुठल्यातरी पुरुषाचा. ओट्यावर केळीचे दोनचार व्यापारी बसले होते. चहा पीत होते.

"आता फिर. मागून दिसू दे."

मी फिरले.

"दिसते ना विलायतेची? आता इंग्रजीत बोल काहीतरी. पाहुण्यांना ऐकू दे."

"थँक्यू, सर," मी म्हणाले.

सगळे हसले. एकाच्या बशीतला चहा सांडला, इतका हसला. मी बाबांकडे पाहिलं. माझे बाबा फाटकाबाहेर चपला काढून आत आले होते, भिंतीला लागून उभे होते. हात जोडलेले. तेही हसत होते. मालक हसला की हसायचं, त्यातलं हसणं.

घाम पाठीवरून कमरेपर्यंत उतरला. कोट काढ, असं कुणी म्हणेना. आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आम्ही बौद्धवाड्यातले. बाबा आबांच्या मळ्यात केळीचे घड कापायचे, खांद्यावर वाहून ट्रॅक्टरपर्यंत आणायचे. माय त्यांच्याच शेडमध्ये केळी धुवायची, खोक्यांत भरायची. मी जळगावला एम.एस्सी. केलं आणि तिथंच एका प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामाला लागले. मग इंग्लंडच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. विषय शेतमजुरांचं आरोग्य. फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगात काय उतरतं, घड वाहणाऱ्याच्या मणक्याचं काय होतं. हे शिकायला आमच्याच वाड्यातून कुणीतरी जायला हवं, असं मला वाटायचं.

सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. फी आणि तिथलं राहणं-खाणं ती देणार होती. पण ती हातात पडेपर्यंतचा खर्च आपला. पासपोर्ट, व्हिसा, त्यासाठी मुंबईला जाऊन क्षयाची तपासणी, विमानाचं तिकीट, खोलीचं आगाऊ भाडं. मी पगारातून बाजूला टाकत होते. मायनं तिची भिशी उचलली. दुखणारी दाढ मी जळगावलाच काढून घेतली, तिकडे दाताचा डॉक्टर परवडत नाही असं ऐकलं होतं. चष्म्याची दुसरी जोडी करून ठेवली. जुन्या बाजारातून बॅग घेतली, तिचं एक चाक बाबांनी तारेनं बांधून दिलं. पैसा ओढूनताणून जमत आला होता.

अडलं जामीनदारावर.

मी शिक्षण अर्धवट टाकलं तर पैसे भरून देणारी दोन माणसं हवी होती. दोघांच्या नावावर मालमत्ता हवी. एक माझे मामा. धुळ्यात त्यांचं छोटं घर, नरडाण्याच्या कारखान्यात कायम नोकरी. दुसरा कोण? आमच्या वाड्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. माझ्या एका प्राध्यापकांनी "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि नंतर फोन उचलला नाही. साहेब झालेल्या एका नातेवाइकानं सांगितलं, "एवढी उडी कशाला? बँकेची परीक्षा दे."

मग बाबा आबांकडे गेले. आबा लगेच हो म्हणाले. कुरकुर नाही, अट नाही. मला इतका आनंद झाला की त्यात खटकण्यासारखं काही आहे हे मला सुचलंच नाही. यात काहीतरी मेख आहे हे मायला कळलं होतं.

त्या दिवशी पाहुणे उठून जेवायला आत गेले. आबा ओट्याच्या कडेला आले. आवाज खाली आणून म्हणाले, "कागद आण. सही करतो. तुझ्या बापाला काय करायचं ते सांगितलेलं आहे. पासपोर्टची पोलीसचौकशी व्हायची आहे ना अजून?"

"हो."

"होऊन जाईल. मी आहे ना."

परत येताना बाबा माझ्या पुढं चालत होते. मी विचारलं, "काय करायला सांगितलंय तुम्हाला?"

"काही नाही. मळ्याचं काम."

मायनं दारातच कोट पाहिला. माय धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलते. "हाऊ कोना शे?" तिनं विचारलं.

"आबांनी दिला. त्यांच्या मुलाचा असेल."

मायनं तो दोन बोटांनी माझ्या हातातून घेतला आणि बाहेर सरपणावर टाकला. मग मला समोर बसवलं.

आमच्या शेजारी सुपडूकाका राहायचे. बाबांच्या जोडीनं घड वाहायचे. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात, सकाळी दोघं मळ्याकडे पायी निघालेले असताना मागून आबांच्या मुलाची जीप आली. रस्ता सोडून कडेला आली. बाबा बांधाच्या बाजूला होते, वाचले. सुपडूकाका चाकाखाली गेले. मुलगा खाली उतरला. पाहिलं. परत जीपमध्ये बसला आणि निघून गेला. हा मुलगा परदेशात शिकायला गेला होता, पदवी न घेताच परत आला होता. बाबांनी पोलिसांना त्याचं नाव सांगितलं. बघणारं दुसरं कुणी नव्हतं. खटला कोर्टात उभा राहिला होता आणि बाबांची साक्ष व्हायची होती.

एवढं मला माहीत होतं. मी जळगावात होते, मातीला आले होते, त्यांच्या बायकोला, इंदूकाकीला धरून रडले होते. माय पुढचं सांगत होती.

"तुन्हा बापले कोर्टमा सांगनं शे, धुकं व्हतं. गाडीमा कोन व्हता ते दिसनं नही. मंग आबा तुन्ही सही करी."

मी बाबांकडे पाहिलं. ते उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसले होते.

"इंदूनं तोंड मी रोज देखस," माय म्हणाली. "मंग कशी देखू?"

बाबा वळले नाहीत. "सुपडू गेला," ते म्हणाले. "तो काही परत येत नाही. तुला जायचंय."

खोटं कशाला सांगू? मला ते पटलं. थोडा वेळच, पण पटलं. मेलेला माणूस, कोर्टाच्या तारखा, आबांचे वकील. तसाही तो मुलगा सुटणारच आहे. बाबांच्या एका वाक्यानं माझं अख्खं आयुष्य बदलत असेल तर?

मग ते अंगण आठवलं. फिर, मागून दिसू दे. तो खेळ नव्हता. सौदा झाला होता आणि पाहुण्यांना माल फिरवून दाखवत होते. ज्याच्या जीपखाली सुपडूकाका मेले, त्याचा कोट माझ्या अंगावर होता. आणि त्याच्याच बापाला मी थँक्यू म्हणाले होते. मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुतलं.

सकाळी मी सरपणावरचा कोट उचलला. बाबा म्हणाले, "मी येतो." मी नको म्हटलं तरी ते मागं आले.

बंगल्याच्या अंगणात मी थांबले नाही. ओट्याच्या पायऱ्या चढले. आमच्या माणसांनी तो ओटा शेणानं सारवला होता, पुढं फरशी आली तेव्हा धुतला होता. उभं राहायला कुणी चढलं नव्हतं. आबा पेपर वाचत होते. मी कोट समोरच्या खुर्चीवर ठेवला.

"सही नको मला, आबा."

"का वं? दुसरा कुणी मिळाला?"

"नाही मिळाला."

"मग?"

"धुकं नव्हतं."

आबांनी पेपराची घडी केली. चेहरा जराही हलला नाही. माझ्या खांद्यावरून त्यांनी फाटकाकडे पाहिलं. मीही वळून पाहिलं. बाबा अंगणात उभे होते. पायांत चपला होत्या.

"आपल्या गावचा रस्ता अरुंद आहे, पोरी," आबा म्हणाले. "सांभाळून चालत जा."

तेव्हापासून जीप वाड्यातून जायला लागली. आधी कधी येत नसे. भर दुपारी, बैलगाडीच्या चालीनं. इंदूकाकीच्या दारासमोर थांबायची, हॉर्न वाजवायची, पुढं सरकायची. कुणी उतरत नसे. काकी पोरांना आत घेऊन कडी लावायची. बाबांना मळ्यात येऊ नको म्हणून निरोप आला. शेजारच्या मळेवाल्यांकडे गेले, त्यांना तिथंही काम नव्हतं, ऐन कापणीत. मायला शेडच्या मुकादमानं दारातूनच परत पाठवलं. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. आमच्या खाटेवर बसला, पाणी प्यायला नाही. "घरात कोर्टकचेरी चालू आहे म्हणे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, साक्षीदार आहेत, आरोपी नाहीत. "ते वरचे बघतील," म्हणून गेला. पासपोर्ट महिनोन्‌महिने आला नाही.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. दुसऱ्या जामीनदाराची जागा कोरी होती, म्हणून माझं नाव यादीतून काढलं. विद्यापीठाला मी कारण लिहून कळवलं. त्यांनी प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवला. बॅग मायनं पलंगाखाली सरकवली.

बाबांची साक्ष झाली तेव्हा मी कोर्टात होते. आबा आणि त्यांचा मुलगा समोर होते. त्यांचा वकील गोड बोलत होता. "थंडीचे दिवस. सकाळची वेळ. धुकं असणारच की हो?"

"नव्हतं," बाबा म्हणाले. "ऊन आलेलं होतं. हाच उतरला होता गाडीतून." त्यांनी बोट दाखवलं. बोट खाली घेतलं नाही.

वकिलानं आवाज चढवला. "मुलीला परदेशी पाठवायला तुम्ही यांच्याकडे हात पसरलात. मिळालं नाही म्हणून हा सूड. खरं ना?"

"पैसे नव्हते मागितले. जामिनाची सही मागितली होती."

"आणि ती मिळाली नाही!"

"मिळत होती," बाबा म्हणाले. "आम्ही घेतली नाही."

वकील एकदम दुसऱ्याच प्रश्नाकडे वळला. सरकारी वकील काहीतरी टिपून घेत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "सही कशाच्या बदल्यात मिळत होती, हे तुम्ही सांगाल का कोर्टात? समन्स काढावं लागेल. विचार करून सांगा. नंतर माघार घेतली तर खटला पडेल."

मी तिथंच हो म्हटलं.

आता आम्ही धुळ्यात मामांच्या घरी आहोत, एका खोलीत. बाबा नरडाण्याला माल उतरवतात, मी बसनं जळगावच्या प्रयोगशाळेत जाऊन येते. इंदूकाकी गावातच आहे, जाणार नाही म्हणते. आबांचा मुलगा जामिनावर बाहेर आहे. त्याला जामीन राहायला माणसांची रांग लागली होती. मामांच्या फोनवर अधूनमधून कुणीतरी फोन करतं आणि काही न बोलता ठेवतं. परवा एकानं फक्त विचारलं, पोरगी कितीच्या बसनं येते?

मी बस बदलली नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा भरला आहे. पासपोर्टसाठी वरच्या साहेबांकडे तक्रार केली आहे. दुसरा जामीनदार अजून नाही. शोधते आहे. मिळेल तो असा हवा, की त्याच्या सहीपायी कुणाच्या विधवेसमोर मायला मान खाली घालावी लागणार नाही. यंदा नाही मिळाला तर पुढच्या वर्षी. पण जाणार. जाऊन तिथं काय शिकायचं तेही ठरलेलं आहे.

त्याआधी समन्स आलं तर कोर्टात. इंग्लंडला पोचल्यावर आलं तर तिथून परत येईन आणि साक्ष देऊन पुन्हा जाईन. पिंजऱ्यात उभी राहून मी त्यांना आबा म्हणणार नाही. पूर्ण नाव घेईन, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आमच्या वाड्यात ते अजून कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही.