पाडव्याच्या संध्याकाळी मी कुठे होतो

आमच्या घरात वाईट बातमी सांगायची पद्धत नाही. ती लपवायची पद्धत आहे. वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा आम्हा भावंडांना ‘ते गावाला गेलेत’ असं सांगण्यात आलं. पुढे माझी कंपनीतली नोकरी गेली, तेव्हा महिनाभर मी रोज डबा घेऊन घरातून बाहेर पडत होतो आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बागेत बसून तो खात होतो. कशाला सांगायचं, उगीच जिवाला घोर. याला आम्ही माया म्हणतो. या मायेपायी माझी आणि ताईची शेवटची भेट हुकली आणि त्यात निम्मा हात माझा होता, हे आज लिहून टाकतो. तोंडाने सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सायखेड्याला आमचं बालपण गेलं, तिथेच तिने मला सायकल शिकवली. कॅरिअर धरून ती मागे पळायची आणि मी पडलो की मला उचलायच्या आधी सायकलला कुठे खरचटलं ते बघायची. सायकल वडिलांची होती, मार तिला बसला असता. पुढे तिचं लग्न डहाणूच्या पलीकडे, समुद्राकाठच्या एका गावात झालं. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरामागे चिकूची बाग. आई-वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मी एकटा उरलो. दर भाऊबीजेला मी एसटीने तिच्याकडे जायचो, एकही वर्ष चुकवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. मी गिअरची सायकल घेतली. छप्पन्नाव्या वर्षी घट्ट चड्डी घालून निघालेला माणूस बघून कॉलनीतल्या लोकांना जेवण गोड लागायला लागलं. मी मुळात तापट, त्यांना दाखवून द्यायचं म्हणून आधी त्र्यंबक केलं, मग घोटी, मग पार कळवण. मग एक तंबू घेतला. आणि डोक्यात एकच गोष्ट बसली. या भाऊबीजेला ताईच्या दारात सायकलवरून जाऊन उभं राहायचं.

हे फक्त बायकोला माहीत होतं. “निदान दाजींना तरी सांगून ठेवा,” ती म्हणाली. मी म्हटलं, “दाजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. ते ताईला सांगणार आणि ताई मला शपथ घालून एसटीत बसवणार.” दाजींच्या पोटात तेव्हा काय काय दडून होतं, ते मला नंतर कळलं.

ताईचं उन्हाळ्यात मुंबईला ऑपरेशन झालं होतं. गाठ होती, काढली, आता बरी आहे, एवढं मला सांगितलेलं. मी भेटायला येतो म्हटलं की दाजी म्हणायचे, “दिवाळीला याच, आता दगदग नको, तुमचीही तब्येत आहे.” फोनवर तिचा आवाज बारीक यायचा. औषधं कडक आहेत, असं ती म्हणायची. मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. खरं तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला गाठ म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको.

पाडव्याला पहाटे बायकोने ओवाळलं आणि मी निघालो. मागे दोन बाजूंना दोन बॅगा, वर तंबू. त्र्यंबकपर्यंत सुट्टीच्या गाड्यांनी जीव नकोसा केला. एकाने काच खाली करून “काका, जपून” म्हटलं, तर मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्र्यंबक मागे पडलं तशी वर्दळ संपली आणि भीती सुरू झाली. चढावर छातीत धडधड वाढली की मी मोरीच्या कठड्यावर बसायचो, मनगट धरून ठोके मोजायचो. इथे काही झालं तर मोबाइलला रेंजसुद्धा नाही. दोन्हीकडे भात कापून झालेला, खाचरं रिकामी. मोखाड्याच्या अलीकडे एकदा असं वाटलं, की परत फिरावं. पण परत जाऊन कॉलनीतल्यांना तोंड काय दाखवणार? या एका विचाराने मला पुढे ढकललं. मायेने ढकललं असं लिहायला आवडलं असतं.

पाचच्या सुमारास जव्हारच्या जरा अलीकडे एका पाड्यावर थांबलो. एक म्हातारेबुवा दारात बसले होते. तंबू लावू का, विचारलं. “त्या झाडाखाली नको, मुंग्या हायेत लय,” ते म्हणाले आणि स्वतः उठून मला घरामागचा माळ दाखवून आले. मुरमात खुंट्या शिरेनात. शेवटी दोऱ्यांवर दगड ठेवून तंबू उभा केला आणि त्याच्यापुढे पाय पसरून बसलो. त्या वेळी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. डोंगर ओलांडले होते. उद्या साठ-पासष्ट किलोमीटर, बहुतेक उतार. दुपारच्या आत ताईच्या दारात घंटी वाजवायची होती.

तेवढ्यात फोन वाजला. माळावर रेंज होती. दाजी होते.

“काय पाहुणे, कुठे आहात?”

“घरीच की. पाडवा आज. तुम्ही काय करताय?”

“आम्ही इथेच.” ते जरा थांबले. “घरी म्हणजे नाशिकलाच ना?”

“नाशिकलाच. उद्या पहाटेच्या गाडीने निघतो. ताई कशी आहे?”

“आहे. पडली आहे जरा.”

“द्या ना तिला.”

“आत्ताच डोळा लागलाय तिचा. उद्या येताय तर बोला निवांत.” मग परत थोडा वेळ काहीच नाही. “या सावकाश. घाई करू नका.”

फोन ठेवला आणि मी हसलो, एकटाच. दाजींना कसं बनवलं! तो माणूस दोनदा थांबला होता, दोनदा. फोनवर फाफटपसारा बोलणारा माणूस चार वाक्यांत आटपता झाला, याचं मला काहीही वाटलं नाही. मी माझ्या गमतीत होतो. म्हातारेबुवांनी नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून दिला. तो खाऊन आडवा झालो ते उजाडेपर्यंत.

सकाळी जव्हार ओलांडलं. पुढचे तीन तास आयुष्यातले उत्तम होते, आणि तेच मला आता सर्वांत जास्त टोचतात. कासा गावात चहाला थांबलो तेव्हा रेंज आली आणि बायकोच्या अकरा मिस्ड कॉलचे मेसेज एकदम आले. परत फोन लावला.

“ताई गेल्या हो,” ती म्हणाली. “पहाटे. दाजींचा घरी फोन आला होता. तुमचा लागत नव्हता.”

मी काय बोललो आठवत नाही. ती रडत रडत पुढे म्हणाली, “मी सांगितलंय त्यांना, तुम्ही पहाटेच्या गाडीने निघालात म्हणून. आता कसंही करून पोचा.” माझी अब्रू तिने राखली होती. आमच्याच घरातली सून ती.

कासा सोडल्यावर मी सायकल किती जोरात हाणली ते देवाला माहीत. गाडी करायचं सुचलंच नाही. डहाणू जवळ आल्यावर मात्र सुचलं, आणि जे सुचलं त्याची आज लाज वाटते. पंक्चरच्या एका दुकानात सायकल आणि तंबू ठेवला, मागच्या खोलीत कपडे बदलले. शर्ट, पँट, केस नीट. एक बॅग घेऊन टमटममध्ये बसलो. बहीण घरात मरून पडलेली, आणि मी आरशात बघून कपाळावरचा हेल्मेटचा वळ चोळत होतो.

अंगणात बायका वाटच बघत होत्या. “माहेरची साडी आली का?” एकीने विचारलं. सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. माझ्याकडे होती. भाऊबीजेची, बायकोने निवडलेली, डाळिंबी. तंबूखाली दबून तिला चुण्या पडल्या होत्या. तीच तिला नेसवली. त्या गाठोड्याएवढ्या देहाकडे बघून मला कळलं, की हे आठ-पंधरा दिवसांचं दुखणं नव्हतं. उन्हाळ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून.

सगळं उरकल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “तिनेच सांगू दिलं नाही. माझ्या भावाचं काळीज आधीच दुरुस्त केलेलं आहे, म्हणायची. पण काल दुपारी डॉक्टर म्हणाले, आजची रात्र कठीण आहे. संध्याकाळी चांगली शुद्धीत होती. तुमचंच नाव काढत होती, कुठवर आला, कुठवर आला. मला राहवेना, म्हणून तुम्हाला फोन लावला. सांगणारच होतो.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“पण तुम्ही म्हणालात, नाशिकला आहे. मग जीभ रेटेना. एवढ्या लांबून, अपरात्री, असली बातमी घेऊन तुम्ही निघणार, वाटेत तुम्हालाच काही झालं तर? जवळपास कुठे असता तर लगेच बोलावलं असतं हो. आठपर्यंत बोलत होती ती.”

जव्हारहून जीप केली असती तर मी साडेसातला तिच्यापाशी असतो. मी मान हलवली. “बरोबर केलंत दाजी,” म्हणालो.

सायकल मी तेराव्यानंतर पुन्हा जाऊन टेम्पोने आणली. बायको त्यावर एक अक्षर बोलली नाही, अजूनही बोलत नाही.

दाजी आता एकटे असतात. आठवड्याला त्यांचा फोन येतो. चिकूचं, पावसाचं बोलणं होतं आणि शेवटी ते हटकून तिथेच येतात. “त्या संध्याकाळी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं चुकलं. तुमच्या भावा-बहिणीची भेट माझ्यामुळे हुकली, मला माफ करा.” सत्तरीचा माणूस दर रविवारी माझी माफी मागतो. आणि मी दर रविवारी त्यांना म्हणतो, “असू द्या हो दाजी. मी केलं तुम्हाला माफ.”