भिंतीसकट

ग्रुपवरच्या एकाने माझ्याच फोटोवर लाल रेघेने गोल काढला आणि तो परत तिथेच टाकला. फोटोत आमचा जुना कॉम्प्युटर होता. चालू होता. पडद्यावर मी टाइप केलेला मराठी मजकूर होता. गोल त्याच्याभोवती नव्हता, मागच्या भिंतीभोवती होता. भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबांची तसबीर आणि शेजारी बुद्धाचं कॅलेंडर. खाली एकच ओळ.

"आता कळलं यांना सगळं फुकट का पाहिजे."

खाली हसणाऱ्यांची रांग. त्यात एक नाव ओळखीचं. महिन्यापूर्वी त्याच्या लॅपटॉपचा आवाज बंद पडला होता, तो मी तीन दिवस डोकं लावून सुरू करून दिला होता. तेव्हा म्हणाला होता, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा ग्रुप आहे. तोही हसला. गरज सरो नि वैद्य मरो.

मी चिखलीला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. राहते उंद्रीला. संध्याकाळी एसटीने परत आले की विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका उघडते. तिथे आठ कॉम्प्युटर आहेत. एका बँकेने मोडीत काढलेले. कोणाची रॅम खोडरबराने घासून, कोणाचा पंखा दुसऱ्याला लावून मी ते उभे केले. गावातल्या बाया-पोरी त्यावर मराठी टायपिंग शिकतात.

या मशीनवर विकतचं काही चालत नाही. चालते ती एक मुक्त प्रणाली, म्हणजे फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. मराठीतून कॉम्प्युटर चालावा म्हणून पुण्याकडच्या काही मंडळींनी ती बनवली आहे. कोणीही घ्यावी, कोणीही तिचा कोड उघडून पाहावा, कोणीही सुधारावी. तसं त्यांच्या पानावर सर्वांत वर लिहिलेलं आहे. ते वाचून मला पहिल्यांदा भरून आलं होतं. सर्वांसाठी खुलं. असं आमच्या वाट्याला फार कमी येतं.

त्यांच्या ग्रुपवर मी दोन वर्षं होते. नावाची नुसती दोन अक्षरं लावली होती. आडनाव नाही, गाव नाही. सगळे मला सर म्हणायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. उलट एकेक वाक्य चारदा वाचून टाकायचे, चुकून कुठे 'मला'च्या जागी 'मले' राहिलं असेल तर. वाद घालायचे, तेही त्यांच्याच भाषेत. प्रोसेसरवर, मेमरीवर, कुठला डेस्कटॉप हलका यावर. माझं म्हणणं मानलं जायचं. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

मग वाद निघाला की जुन्या मशीनसाठी वेगळी आवृत्ती काढणं बंद करायचं. एक जण म्हणाला, असली मशीन आता म्युझियममध्ये असतात. दुसरा म्हणाला, भंगारात द्या आणि नवीन घ्या, प्रश्न मिटला. तिसऱ्याने विचारलं, वापरतं तरी कोण? पुरावा द्या. रविवारी मतदान ठरलं.

माझ्यासाठी हा वाद गमतीचा नव्हता. आमच्याकडे चालणाऱ्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटायची. टाइप करणाऱ्याने बरोबर दाबलं तरी पडद्यावर चूक दिसायची आणि हात तिथेच अडखळायचा. जुन्या मशीनसाठीच्याच नव्या आवृत्तीत ते सुधारलं होतं, पण तिचा कीबोर्डचा प्रोग्राम आमच्या प्रोसेसरवर उघडताच बंद पडायचा. आठ दिवस खपून मी कारण शोधलं. प्रोग्राम बनवतानाची एक सेटिंग. एक ओळ. ती बदलून त्यांनी आमच्यासाठी तो परत बनवून द्यावा, एवढंच मागणं.

आणि घाई होती ती वहिनीसाठी. वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. दिवसभर दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदण आणि संध्याकाळी माझ्याकडे टायपिंग. तिला लिपिकाच्या जागेसाठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची होती. वयाची अट बघता ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी तिचा अर्जच घेणार नव्हते. तिची बोटं माझ्यापेक्षा चांगली चालायची. फक्त जोडाक्षराशी थांबायची.

म्हणून मी पुरावा दिला. सगळी तपासणी लिहिली, कारण लिहिलं, ती ओळ लिहिली आणि सोबत मशीनचा फोटो जोडला. भिंतीचा विचारच मनात आला नाही. घरातल्या माणसाचा फोटो काढताना मागे बापाची तसबीर आली तर कोणी विचार करतो का?

त्या ओळीवर कोणी एक शब्द बोललं नाही. सगळी चर्चा भिंतीवर. कोणी म्हणालं, इथेही राखीव जागा हवी का. कोणी म्हणालं, यांना मशीन पण सरकारनेच दिली असेल. मी उत्तर लिहायला घेतलं आणि बोटं चालेनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी खोलीत इतर बायांसमोर बसून होते आणि रडायचीही सोय नव्हती.

थोड्या वेळाने ग्रुप सांभाळणाऱ्याचा मला खासगी निरोप आला. माणूस सभ्य. निरोप शब्दाला शब्द असा होता.

"झालं ते वाईट झालं. मी ती कमेंट आणि तुमची पोस्ट दोन्ही काढली आहेत, म्हणजे कोणावर अन्याय नको. तुमचा मुद्दा बरोबर आहे. फोटो क्रॉप करून परत टाका ना, चर्चा टेक्निकल राहील. मी व्यक्तिशः जात मानत नाही."

त्याने मारणारा आणि मार खाणारा, दोघांनाही एकाच दाराने बाहेर काढलं आणि वर म्हणे अन्याय नको.

वहिनीने माझं तोंड पाहिलं. जवळ आली.

"काऊन वं ताई, काय झालं?"

मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिने पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"थोडासा कापून टाकला तं काय बिघडते?" ती म्हणाली. "बाबा काही रागावत नाहीत. त्याईले माहीत हाय आपली अडचण."

ती लाचार नव्हती. ती हिशोबी होती, गरिबाला असावं लागतं तसं. आणि तिच्यासाठी मी तो फोटो खरंच उघडला. चौकट ओढली. वरून आत आणली. आधी कॅलेंडर गेलं. मग कोट गेला. मग चष्मा. उरला तो नुसता कॉम्प्युटर, कुठल्याही गावातला, कोणाचाही. आता हा चालला असता. आता याला कोणी हसलं नसतं.

तेव्हा मला कळलं की ही चौकट मी आज पहिल्यांदा ओढत नाही. आडनाव मीच कापलं होतं. गाव मीच कापलं होतं. बाई असणं, 'मले-तुले', सगळं. त्यांनी सांगायच्या आधीच. दोन वर्षं ज्याला मान मिळत होता तो उरलेला तुकडा होता. मी नव्हतेच तिथे.

मला स्वतःची शिसारी आली. त्यांची नंतर आली.

मी चौकट काढून टाकली. ग्रुपवर तीच तपासणी पुन्हा टाकली. तोच फोटो, पूर्ण. खाली माझं नाव, आडनाव, गाव लिहिलं. आणि एवढंच लिहिलं: "मशीन या भिंतीशी आहे. मशीन पाहायची असेल तर भिंत दिसेल."

तासाभरात पोस्ट गेली. या वेळी मीही गेले. खातं बंद. कारण दिलं होतं, वातावरण बिघडवणे. मतदान रविवारी झालं म्हणे. पुरावा कोणाचाच आला नव्हता. आवृत्ती बंद.

मी वहिनीला सांगितलं. तिने खुर्ची ओढली आणि त्याच जुन्या आवृत्तीवर बसली. तुटणाऱ्या अक्षरांवर ती महिनाभर रोज बसली. परीक्षा दिली. नापास झाली, थोडक्यात. निकाल तिला मीच मोबाइलवर दाखवला.

"तवा कापला असता तं..." एवढंच म्हणाली.

तिचं नुकसान झालं आणि ते माझ्या नकारातून झालं. हसणाऱ्यांचा गुन्हा मोठा आहे हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्याने तिला नोकरी मिळत नाही. आता ती निंदणालाच जाते. अभ्यासिकेत येणं बंद केलं आहे. वाटेत दिसली तर बोलते, पण पहिल्यासारखं नाही.

कोड अजून खुला आहे. तेवढा त्यांना बंद करता येत नाही. मी तो उतरवून घेतला, ती ओळ बदलली. आमच्या मशीनवर प्रोग्राम बनवायला घेतला तर अर्ध्यात मेमरी संपली. चिखलीच्या दुकानातल्या मशीनवर बनवला, तो आमच्याकडे उघडला नाही. अजून कुठेतरी चुकतंय. मला पुस्तकी शिक्षण कमी पडतं, विचारायला आता कोणी नाही. रोज एक चूक काढते, दुसरी निघते. बनेल का, सांगता येत नाही.

बनला तर माझ्या पूर्ण नावाने जाईल. नाही बनला तरी जे लिहीन ते त्याच नावाने. आणि उद्या असंच कोणी सभ्यपणे सांगितलं की थोडंसं कापा, तुमचं काम होऊन जाईल, तर मी नाही म्हणेन. समोर पुन्हा वहिनीच बसलेली असली, तरी नाही म्हणेन.