चार कोपऱ्यांची टिकटिक

व्हिडिओ गेमचं संगीत म्हणजे नुसती टीं-टीं, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भाच्यांच्या आजच्या खेळांत पाऊस पडतो, मागून पावलं वाजतात, छानच आहे सगळं. पण मी ऐकायला शिकले ती ऐंशीच्या दशकात, चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात, तळहाताएवढ्या एका खेळाच्या डबीवर. शिकवलं बाबांनी. आणि त्या डबीनेच बाबांचा घात केला.

बाबा आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. दिवाळी झाली की गावोगावची बोलावणी सुरू. मंचापुढे खड्डा असतो, वाजवणारे त्यात बसतात आणि मान वर करून नटाकडे पाहत राहतात. त्याने नुसता हात उचलला की सूर निघाला पाहिजे. बाबांचा सूर कधी मागे राहिला नाही, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

डबी आणली मामाने. तो ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होता, तिथल्या कोण्या साहेबाच्या पोरांनी कंटाळून टाकून दिलेली. काचेवर चार कोपऱ्यांतून फळं घरंगळत यायची, बटणं दाबून टोपली त्यांच्याखाली न्यायची, इतकाच खेळ. मी डोळे फाडून बघायची आणि हरायची. बाबा म्हणायचे, पाहू नको, आयक. मग कळलं, प्रत्येक कोपऱ्याची टिकटिक वेगळी. वरच्या डावीकडची सगळ्यांत बारीक, खालच्या उजवीकडची जाड. खेळ रंगला की लय चढायची, तबलजीने दुगुन धरावी तशी. ज्यानं कोणी हे बसवलं तो गाण्यातला माणूस असला पाहिजे, असं बाबा मनापासून म्हणायचे. दोन फळं एकदम आली की दोन टिकांच्या मधे जी जागा सुटायची, तिलासुद्धा ते मान डोलवून दाद द्यायचे.

त्याच वर्षी बाबांचा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. ताटात कडेला वाढलेली चटणी तशीच राहायची. सायकल सोडून पायी जायला लागले. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं, जाऊन या म्हणून आई त्यांच्या मागे लागली. बाबांनी डबी घेतली आणि ओसरीवर सगळ्यांसमोर खेळत बसले. एक फळ पडू दिलं नाही. शेजारची बाई म्हणाली, एवढं बारीक दिसते भाऊले, डोळ्याले काय धाड भरली? आईलाही ते पटलं. तेव्हापासून आमच्या घरी डोळे तपासायची तीच रीत पडली. शंका आली की आई डबी हातात द्यायची, बाबा खेळून दाखवायचे, आई निश्चिंत होऊन कामाला लागायची. शिबिर उठून गेलं. मला आजही बाबांचा राग येतो, आणि आईचा तर त्याहून जास्त.

उन्हाळ्यात डबीचे बटणासारखे सेल उतरले. आधी आवाज गेला, चित्रं मात्र दिसत होती. भर दुपारी बाबा ओसरीवर डबी धरून बसले होते. फळं पटापट पडत होती आणि त्यांचे अंगठे जागचे हलत नव्हते.

"बाबा, फळं पडून राह्यले ना. दिसत नाई काय?"

"सुरू झाला काय खेळ?" त्यांनी विचारलं.

बाबांनी चाचपडत माझं मनगट धरलं. म्हणाले, "कोणाले सांगू नको. आंधळ्याले खड्ड्यात कोण बसवते?"

मी धावत जाऊन आईला सांगितलं. तिने मलाच झापलं, काहीबाही बरळू नको म्हणाली. तरी चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडे निघालो. वाटेत तिने घड्याळाच्या दुकानातून नवे सेल घेतले, डॉक्टरला दाखवायला.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. एक डोळा पुरता गेलेला, दुसऱ्यात उजेड-अंधार कळण्यापुरतं उरलेलं. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. तुम्ही आधी आला असता तर बरीच राखता आली असती. आई उसळलीच. असं होऊच शकत नाही म्हणाली, पिशवीतून डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी ती आपल्याकडे धरून बटण दाबलं. बाबा समोर स्टुलावर बसले होते.

"वरचं डावं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "खालचं उजवं."

"पाहा साहेब," आई म्हणाली. "दिसते का नाई त्याइले?"

डॉक्टरांनी डबी तशीच धरून ठेवली. काच त्यांच्याकडे होती, बाबांकडे डबीची नुसती पाठ. आईच्या ते ध्यानात यायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, बंद करा जी तो आवाज.

डॉक्टरांनी बंद केला. खोलीत कोणीच बोलेना, तशी बाबांनी घाबरून इकडेतिकडे मान फिरवली.

"तू कुठी हाय?" त्यांनी आईला विचारलं. ती त्यांच्या अगदी समोर उभी होती.